चालताना बोलता आलं पाहिजे

३ डिसें.
मामांना घरी आणलं. बायपास नीट झाली, खर्च सगळा सरकारी योजनेत बसला. पण घराची जत्रा झालीय. निमोण्यातलं एकेक घर शहाळं घेऊन येतं आणि तेच सांगतं, "हालू नका, पडून ऱ्हावा." जन्मभर मेंढरांमागं रान तुडवलेले माझे सासरे, आता मोरीपर्यंत जातानाही सासूबाई, आमच्या आत्या, त्यांचा हात सोडत नाहीत. मायेनंच बांधून घातलंय. चेहरा पार उतरलाय.

६ डिसें., दौंड
तपासणी. फिजिओ मॅडमनी विचारलं, रोज किती चालता? आत्यांनी अभिमानानं सांगितलं, "अजाबात न्हाई! खाटंवरनं उतरूच देत न्हाई मी." मॅ.नी कपाळाला हात लावला. हृदयाचं पंपिंग कमी. पडून राहून आणखी कमजोर होणार. छातीला वायरी लावून, मशीनवर, देखरेखीखाली व्यायाम हवा. काही महिने.
योजनेत बसतं का? ऑपरेशन बसतं, नंतरचा व्यायाम नाही. प्रस्ताव वर गेलाय म्हणे.
म्हणजे विहीर खणून दिली आणि मोटारीला लाईट नाही. असा राग आला!

७ डिसें.
तोवर मॅ.नी सांगितलंय: सपाटीवर, सावकाश, सोबतीला कुणीतरी. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलताना दम लागला की थांबायचं.
मामा आणि बोलणार! ह्यांची आणि माझी दोघांची कंपनी रांजणगावला. उरल्या आत्या.

९ डिसें.
फजिती. आत्या निघाल्या खऱ्या, पण मागून, चांगलं अंतर ठेवून. त्यांची रीतच तशी. मेंढरं असताना मामा पुढं कळपाबरोबर, आत्या मागं बिऱ्हाडाच्या घोडीचा लगाम धरून. आज मामा पुढं मुकाट, दम लागला ते कळणार कुणाला? कालव्यापाशी मटकन खाली बसले. आत्यांनी रडून गाव गोळा केलं.
संध्याकाळी मी ओरडलेच, अहो शेजारी चाला की!
"बया! लोक काय म्हणत्याल? म्हातारपणी जोडीनं मिरवत्यात म्हणत्याल."
म्हणू द्या, म्हटलं.

१४ डिसें., रवि.
शेजारी चालले! आत्या पदर सावरत, मामा बांधाकडं बघत. मी दारात उभी राहून बघितलं.
काय बोलणं झालं म्हणून खोदून विचारलं, तर आत्या लाजल्या. "म्हनले, घोडी इकली तवा तू रडली व्हतीस का. म्हटलं, व्हय. तुमी कवा इचारलंच न्हाई."
घासलेली भांडी परत घासत बसले.

२२ डिसें.
पारावरची मंडळी चिडवतात, "चालले जोडीनं!" आत्यांना आता फिकीर नाही. एरवी मुके असलेले मामा त्यांना काय काय सांगत असतात.
पण पाय सुजलेत. डॉक्टरांनी गोळी बदलली. घरच्या चालण्यावर भागणार नाही, हे मला दिसतंय. मॅ.ना फोन केला. प्रस्ताव "विचाराधीन". फुप्फुसाचे पेशंटही असेच अडकलेत, कासुर्डीच्या एका मावशींना म्हणे अंगणही झाडवत नाही. वरच्यांचा विचार होईपर्यंत पेशंटांनी श्वास कुठं ठेवायचा? भीती वाटते. ह्यांना बोलले नाही.

२ जाने.
मॅ.चा फोन! व्यायाम योजनेत घेणार असं त्यांच्या कानावर आलंय. आदेश हातात नाही. दौंडचं हॉस्पिटल यादीत असेल की नाही, तेही नक्की नाही. "सोमवारी घेऊन या, पहिल्या दिवसाचं मी बघते. पुढचं मात्र सांगता येणार नाही."
धावत जाऊन मामांना सांगितलं. वाटलं, खूश होतील. आत्या चुलीपाशी होत्या, तिकडं मामांनी एकदा बघितलं. मग हळूच मला,
"पोरी, त्या मशीनीवर एकट्यालाच चालावं लागतं का गं?"