विषयांतर

१२ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तिने मला ‘तुम्ही’ म्हटलं आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं. दीड वर्ष एका वर्गात बसून ‘ए, सरक ना तिकडे’ म्हणणारी मुलगी काल आमच्या बाइंडिंगच्या दुकानात आली, काउंटरवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली की तुम्हाला वेळ असेल तर जरा बोलायचं होतं. माझ्या हातात कटर होता. बोट वाचलं, एका भावी डॉक्टरसाहेबांच्या प्रबंधाचा कोपरा गेला. मालकांनी माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली, पण मला ऐकू कुठे येत होतं!

ती कोण, असं विचारू नकोस. जिच्याबद्दल मी घरात अवाक्षर काढलं नाही आणि तरी जी तुला, आईला आणि भाऊजींनाही माहीत आहे, तीच. तिला म्हणे तिच्या प्रबंधासाठी समुपदेशनाचा अभ्यासक्रम मध्येच सोडलेल्या मुलांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. मार्गदर्शक कोण, तर आमचे संशोधनपद्धतीचे सर! ज्यांच्या टेबलावर वही आपटून मी कॉलेजला रामराम ठोकला, तेच ते. माणसाचं दुःख चौकटीत बसवून त्याला एक ते पाच गुण देणारे.

हे प्रबंध मी रोज बांधतो, ताई. बाहेर काळं कव्हर, वर सोनेरी अक्षरं, आत भुसा. दुःखी माणसाला दुःख होतं, हे सिद्ध करायला यांना दोनशे पानं लागतात आणि शेवटी वर म्हणतात की पुढील संशोधनास वाव आहे. आहेच. मूर्खपणाला कधी वाव कमी पडलाय? तिचा प्रबंधही तसलाच असणार, पण तो निमित्त आहे हे शेंबडं पोरही सांगेल. मी हो म्हटलं.

मी फोनवर ओरडतो म्हणून तू पत्र लिहायला सांगितलंस. कागदावर ओरडायला जास्त जागा असते, हे तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. भाऊजींना नमस्कार, भाचीला पापा. माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
भडकू


२० ऑगस्ट

चि. भडकूस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझे भाऊजी म्हणाले की पाकीट गरम लागतंय.

तर ‘तुम्ही’बद्दल. अरे बाबा, ज्याची मुलाखत घ्यायची त्याला आम्ही समुपदेशक ‘तुम्ही’च म्हणतो. माझ्याकडे शाळेतली पोरं येतात, मिसरूडही फुटलेलं नसतं, त्यांनाही पहिल्या दिवशी मी ‘तुम्ही’ म्हणते आणि ती मागे वळून बघतात, आणखी कोण आलंय म्हणून. त्या एका शब्दावर इमले बांधू नकोस.

आणि संशोधनपद्धतीला इतक्या शिव्या घालू नकोस. मीही घातल्या होत्या, तेव्हा मीही शहाणीच होते. पुढे दवाखान्यात कामाला लागले. मुलं यायची, बोलायची, माझी छाती फुगायची. मग एकदा वरिष्ठ बाईंनी विचारलं की जी मुलं यायची थांबली त्यांचं काय झालं. मी म्हटलं, बरी झाली असतील. त्यांनी मला एकेकाला गाठून विचारायला लावलं. बरी कोण झाली होती, कपाळ! बरं फक्त मला वाटत होतं. आपण कुणाला विचारलं नाही, एवढं कळायलाही पद्धत लागते, राजा. ही मुलगी सोडून गेलेल्यांना विचारायला निघाली आहे. मला तर तिचं कौतुक वाटतं.

आता एक सांग, कॉलेज तू सोडलंस का? आईला सांगितलंस, सर माणसाला आकडा समजतात. बाबांना सांगितलंस, या शिक्षणाला नोकरी नाही. मला सांगितलंस, बाकं टोचतात. त्या मुलीला निदान एकच कारण सांग, आणि ते खरं असू दे. तिला उत्तर हवंय, भाषण नको.

जेवत जा वेळेवर. इथे सगळ्यांचा तुझ्यावर जीव आहे, तो टांगणीला लावू नकोस.

तुझी,
ताई


९ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन बैठका झाल्या. जागा कॉलेजातलीच, सरावाची खोली. दोन खुर्च्या तिरप्या मांडलेल्या, म्हणजे नजर चुकवायची सोय. मध्ये टिपं पुसायच्या कागदांचा डबा. घड्याळ मात्र मुलाखत घेणाऱ्यालाच दिसेल असं. रडायला आलेल्याने रडावं, पण वेळेत आटपावं. या लोकांची माया असली असते!

तू नको म्हणालीस, तरी पहिल्या दिवशी मी भाषणच ठोकलं. सरांची सालटी काढली, प्रश्नावलीची चिरफाड केली, माणुसकीवर बोललो. ती लिहीत राहिली, टेबलावर तिचा फोन रेकॉर्ड करत राहिला. तिच्यासमोर बोलताना मी इतका थोर वाटतो, की मलाच माझा आदर वाटायला लागला.

दुसऱ्या दिवशी मात्र तोंडून निसटलं. म्हणालो की तू विचारतेस म्हणून बोलतोय, दुसरं कुणी आलं असतं तर दुकानाच्या पायरीवरूनच हाकललं असतं. तुझ्यासमोर बसायला मिळतं म्हणून मी या नावडत्या इमारतीत पाऊल ठेवतो. ताई, तिने मान हलवली. अशी हळू, डोळे न हलवता. ती मान तू पाहायला हवी होतीस.

आता तुला म्हणून सांगतो. आईला कळलं तर ती हसेल आणि बाबा हसणार नाहीत, दोन्ही मला नको. सर आमच्याकडून मुलाखतीचा सराव जोड्यांनी करून घ्यायचे. माझी जोडी तिच्याशी होती. एके दिवशी सर म्हणाले की तोच माणूस समोर असला की उत्तरं पाठ होतात, जोड्या बदला. आणि तिला दिलं त्या रुमालवाल्याला. इस्त्री केलेला रुमाल मांडीवर पसरून बसणारा, असल्या माणसाला! मी उठून सरांना माणुसकीवरून झापलं, वही आपटली आणि निघालो. सोडण्याचं कारण एवढंच. तिला हे सांगितलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा बोलावलंय. माझं बोलणं तिला काय समजलं ते दाखवणार आहे आणि बरोबर आहे का ते विचारणार आहे. मला तर वाटतं, उत्तर देणार आहे. लोभाची गरज या आठवड्यात जास्त आहे, तेवढा धाड.

तुझा,
भडकू


१३ सप्टेंबर

चि. भडकूस,
अ. उ. आ.

घाईत लिहिते, म्हणजे पत्र तुला वेळेत पोचेल. ती मान आम्हाला पहिल्याच सहामाहीत शिकवतात. तुझे भाऊजी गाडीच्या इंजिनाबद्दल बोलतात तेव्हा मी तीच हलवते आणि त्यांना वाटतं मला गोडी आहे.

रुमालवाल्याचं वाचून खूप हसले, मग हसू थांबलं. अरे, तिच्या कामाला हवं आहे ते नेमकं हेच आहे, आणि तुझ्या मनाला सांगायचंय तेही हेच. बरोबर आहे का असं तिने विचारलं, तर नाही म्हण आणि खरं सांग. उत्तर काहीही येवो. ती वाईट नाही रे, कामात आहे.

सांभाळून जा. कुणी काही म्हटलं तरी आमचा तू लाडकाच आहेस.

तुझी,
ताई


१९ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलो. तिने टेबलावर माझं बोलणं मांडलं, शब्दन् शब्द टाइप केलेलं. समासात पेन्सिलीने एकेका वाक्याला नाव दिलेलं. याला कोडिंग म्हणतात, आमच्याकडे बारसं म्हणतात. सरांना घातलेल्या शिव्यांचं नाव ‘मूल्यसंघर्ष’. बाकं टोचतात, याचं नाव ‘संस्थेविषयी परकेपणा’. वाचताना वाटलं, हा कुणी मोठा विचारवंत आहे, याला भेटलं पाहिजे. इतका खोटा माणूस मी आजवर बांधलेल्या एकाही प्रबंधात नव्हता.

पान उलटलं. तुझ्यासमोर बसायला मिळतं म्हणून येतो, हे वाक्य तिथे होतं. त्याच्यासमोर लिहिलं होतं, ‘विषयांतर’.

अक्षर सुरेख आहे तिचं. वेलांटी तर अगदी जपून काढलेली.

तिने विचारलं की हे सगळं तुमचंच म्हणणं आहे ना, काही राहून गेलं का. मी म्हटलं, जिथे तू मूल्यसंघर्ष लिहिलंस तिथे विषयांतर लिही. आणि जिथे विषयांतर लिहिलंस, तेवढंच उत्तर आहे. मग जोड्या, रुमाल, वही, सगळं सांगून टाकलं. न ओरडता. तुला खोटं वाटेल.

लोभ आहे तो तसाच असू दे. त्यावर समासात काही लिहू नकोस.

तुझा,
भडकू

ता. क. पुढचं लिहिणार नव्हतो, पण तू विचारशीलच. तिच्या हातातली पेन्सिल थांबली. ती माझ्याकडे बघत राहिली आणि डोळ्यांत अशी चमक आली, जिची मी त्या वर्गात रोज वाट पाहिली होती. म्हणाली की इतकं खरं मला अजून कुणीच सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आता. तेवढ्यात तिने फोन पुढे ओढला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि म्हणाली की हेच पुन्हा पहिल्यापासून सांगाल का, थोडं सावकाश.

मी उठलो आणि बाहेर आलो. दार मात्र आवाज न करता लावलं. तिचं रेकॉर्डिंग चालू होतं.