माळ्यावरची फळी

प्रिय बाबा,

व्हिटबीचं तुमचं घर कोरडं आहे, काळजी नको. गाडं अडलं ते ऊर्जेच्या दाखल्यावर, म्हणजे घर ऊब किती राखतं त्यावर. तपासनीस पिकरिंगने 'एफ' शेरा दिला. तसं घर भाड्याने देता येत नाही, आणि आपली होणारी भाडेकरू, नर्स ओलवेन, सामान बांधून बसलेली.

माळ्यावर बाबांनी उबेसाठी लोकर अंथरलीय, असं त्याला परोपरीने सांगितलं.

"बाई, वर फळ्या ठोकल्यात. दिसत नाही ते मी 'नाही' असंच लिहितो."

दिसत नाही तेच खरं काम, असं तुम्हीच म्हणायचात. भोगा आता!

शेवटी मी एक फळी उचकटली. किती खिळे ते, बाबा!

पिकरिंग वाकून म्हणाला, "हं, आता आहे." 'ई' मिळाला, भाड्याने द्यायला तेवढा पुरतो. ओलवेन सोमवारी येतेय.

तिकडे जेफदादा तुम्हाला चहात साखर घालू देतो ना? गुडघा कसा आहे? फळी मी परत ठोकली, पण वाकडीच बसली. ती तुम्हीच येऊन नीट करा.

तुमची वैतागलेली,
हिल्डा