क्लिप म्हणते नव्याण्णव

९ जानेवारी
थंडी फार. रात्री हिने शेगडी आत घेतली, खिडक्या बंद. मी खोकल्यापायी बाहेरच्या खोलीत. सकाळी हिचं डोकं ठणकतंय, दोनदा उलटी. करोनातली क्लिप बोटाला लावली. ९९. जिवात जीव आला. म्हटलं, ऑक्सिजन उत्तम, पित्त असेल. म्हणाली, "बोट सोडा आता, डॉक्टरसाहेब. झोपू द्या." दार लोटून घेतलं. शेगडी आतच धुमसत होती.

१० जाने.
काल दुपारी मुलगी आली, माधुरी. आई हलवून उठेना. मी क्लिप दाखवली, पुन्हा ९९. "बाबा, ते ठेवा खाली. आधी खिडक्या उघडा. मी गाडी काढते."
दवाखान्यात तरुण डॉक्टरीण. शेगडीचं ऐकून म्हणाली, "बाबूजी, गैस लगी है." भोपाळात गॅस म्हणजे चौऱ्याऐंशीचाच. म्हटलं, हम तो चौरासी के बाद आए, उज्जैन से.
ती म्हणाली, "वो नहीं बाबूजी. सिगड़ी की."
मनगटातून रक्त काढून मोठ्या मशीनवर तपासलं. क्लिप नुसता रक्ताचा रंग बघते म्हणे. कोळशाचा वायू ऑक्सिजनच्या जागी बसला तरी रक्त लालच, आणि क्लिप त्यालाही ऑक्सिजनच समजते. हिच्या रक्तात तो पुष्कळ निघाला. म्हणजे त्या ९९ मध्ये विषही होतं. आणि मी ते बघून दार...

११ जाने.
हिच्या तोंडावर मास्क. डोळे उघडले. नर्स पलंगाजवळच्या मशीनकडे बोट दाखवते, "देखो बाबूजी, सौ है." मी म्हटलं, मुझे मत दिखाओ, खून का देखो. माधुरीने बाहेर नेलं. "बाबा, त्यांना काम करू द्या." संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट. वायू उतरला. डॉक्टरिणीला पुन्हा पुन्हा विचारलं, ती चिडली नाही.

१४ जाने.
घरी आणलं. काही आठवडे लक्ष ठेवायचंय. विसरणं, वागण्यातला फरक नंतरही दिसू शकतो म्हणे.
माधुरी चहा देत होती. ही तिला म्हणाली, "माधुरीला शाळेतून आणायला कोण जाणार?"
कप तिच्या हातातच राहिला.
मग ही हसली. "अगं, थट्टा केली." माधुरीही हसली. हिला खोड आहेच थट्टेची.
पण आधी हिने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. मग हसली.