अक्काचा निरोपाचा कागद

४ सप्टेंबर
अक्का डोळे उघडून पडली आहे, पण वाचा गेली. उजवी बाजूही. डॉक्टर म्हणाले, "फार तर आठवडा." मला वाटलं, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत!

आम्हा तृतीयपंथी बायकांच्या हक्कांसाठी ही संस्था आम्ही दोघींनी वीस वर्षं चालवली. आम्हाला बायका म्हणायलाच कुणी तयार नव्हतं तेव्हापासून. ती भांडायची, मी अर्ज लिहायचे. आता भांडणार कोण?

५ सप्टेंबर
अक्काचा धाकटा भाऊ उगवला. शिंपी आहे म्हणे. अक्काने कधी त्याचा विषय काढला नाही. काखेत कापडी पिशवी. नोंदणीच्या खिडकीवर म्हणाला, "पेशंट माझा मोठा भाऊ आहे." भाऊ! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अकरा वर्षांपूर्वी संस्थेतली आमची लांबोडी वारली, तिला घरच्यांनी असंच नेलं. वेणी कापली, शर्ट-पँट चढवली, जुन्या नावाने निरोप दिला. आम्ही फाटकाबाहेर. त्या आठवड्यात अक्काने 'निरोपाचा कागद' काढला — मेल्यावर देहाचा ताबा कुणाकडे, अंगावर काय घालायचं, नाव कोणतं लावायचं. एक प्रत आमच्या कपाटात, एक ज्याच्याकडे ताबा त्याच्याकडे. सत्तर जणींचे भरून घेतले. साक्षीदार दरवेळी मी.

६ सप्टेंबर
कपाट उलथंपालथं केलं. सगळ्यांचे आहेत, अक्काचाच नाही. साऱ्यांच्या मागे लागणारी बाई स्वतःचा भरायला विसरली! राग आला. मग रडूच आलं.

खिडकीवरची बाई: "कागद आणा, नाहीतर रक्ताचं नातं. माझा नाइलाज आहे."

७ सप्टेंबर
भरला. मीच. सहीसुद्धा मीच केली. तिची लफ्फेदार सही मला पाठ आहे. तारीख गेल्या वर्षीची. ताबा — मी. संस्थेचा शिक्का मारला.

पाप लागायचं तर लागो. तिची वेणी मी कापू देणार नाही.

८ सप्टेंबर
भाऊ उशाशी बसला होता. अक्का डाव्या हाताने स्वतःची बाही चिमटीत धरायची, सोडायची. पुन्हा धरायची. सलाईन टोचत असेल म्हणून मी सिस्टरला हाक मारली आणि त्याला बाहेर काढलं. जिन्यात कागद नाकासमोर धरला. त्याने दोनदा वाचला. वाटलं, आता तमाशा करणार. त्याने एवढंच विचारलं, "तारीख गेल्याच वर्षीची आहे?"

"दिसत नाही का?"

पायरीवर बसला. मग पिशवी उचलून निघून गेला.

जिंकले. कॅन्टीनमध्ये चहा घेतला.

११ सप्टेंबर
सकाळी सव्वासहाला गेली.

१२ सप्टेंबर
सगळं तिच्या मनासारखं केलं. वेणी घातली, मोत्याचे कानातले घातले. सभांना घालायची तो तांबडा ड्रेस तिला कधीच घट्ट झाला होता, मागून उसवून चढवावा लागला. समोरून कळत नव्हतं.

भाऊ रस्त्याच्या पलीकडे उभा होता, तीच पिशवी घेऊन. शर्ट-पँट असणार! वॉचमनला आधीच सांगून ठेवलं होतं. त्याला आत सोडलं नाही.

१९ सप्टेंबर
टपालाने पिशवी आली. आत निळा ड्रेस. बाह्यांना हातशिलाई, इतकी बारीक की टाका दिसत नाही. खाली निरोपाचा कागद — सहा वर्षांपूर्वीचा, अक्काच्या अक्षरात. ताबा: धाकटा भाऊ. कपडे: तो शिवेल ते. साक्षीदाराची जागा कोरी.

सोबत चिठ्ठी. "ताई, अक्का दर वर्षी दुकानात माप द्यायला यायची. तुम्हाला सांगू नको म्हणायची, तुमच्या मनाला लागेल म्हणून. खिडकीवर भाऊ म्हणालो, कारण दवाखान्याच्या कागदावर 'पुरुष' असंच होतं. माझ्याजवळचा कागद जुना, तुमचा नंतरचा. तिचं मन बदललं असेल. माझी काही तक्रार नाही. ड्रेस तिच्या मापाचा आहे, माझ्याकडे ठेववत नाही."

नव्हतं रे बदललं! आणि हे मी त्याला कुठल्या तोंडाने सांगू?