मुकादमाच्या झुल्याचा दोर

आईस रागातच सलाम.

तू धाकटीकडून परत तेच लिहून घेतलंस: क्रुसावर चढवताना प्रभू गप्प राहिला, तूही राहा. तिथे बसून सांगायला तुझं काय जातं! इथे इमारतीच्या कामावरचे रंगाचे डबे चोरीला गेले, तर मुकादम उपड्या बादलीवर न्यायाधीश होऊन बसला. मी नवा, म्हणून चोर मीच. डोक्यात तारेचं कडं घातलं, अंगावर पोतं टाकलं, हातात ब्रश दिला आणि सगळे ओरडले, "राजाला सलाम!" मग डोळ्यांवर फडकं बांधून मुकादमाने थोबाडीत दिली. "ओळख, कोणाचा हात?"

आता बरा आहे मी, जेवतोही पोटभर.

काल मुकादम झुल्यावर बसून पाचव्या मजल्याची बाहेरची भिंत रंगवत होता. गच्चीवर खांबाला वेढा देऊन झुल्याचा दोर माझ्या हातात. मी हातभर ढिला सोडला. तो बोंबलला. मी वाकून विचारलं, "ओळख, कोणाचा हात?"

"तुझा रे, राजा! धर!"

काय गोड वाटलं, आई! मग धरला. तेव्हा कळलं, प्रभूच्याही हातात दोर होताच. हाक मारली असती तर देवदूतांची फौज उतरली असती. तो भिऊन गप्प नव्हता. पण तो प्रभू, आणि मी तुझा पोरगा.

धाकटीचा खोकला गेला का?

सोमवारी पुन्हा झुला आहे. प्रार्थना माझ्यासाठी नको, मुकादमासाठी कर. डब्यांची भरपाई कापून उरलेले चार हजार पाठवतोय.