कप्तानच्या गाठी

९ ऑक्टोबर

आज पुन्हा तेच! चहाची किटली घेऊन धक्क्यावर गेले, तर दातांचे डॉक्टर भला मोठा मासा छातीशी धरून फोटो काढून घेत होते. "कप्तान, तुमच्या गाठीला तोड नाही!" आणि आमचे कप्तान — म्हणजे माझा नवरा, साऱ्या धक्क्याने त्यांना हेच नाव दिलंय — मान खाली घालून हसले. लाजून! जणू ती गाठ त्यांनीच बांधली होती.

ती गाठ मी बांधली. काल दुपारी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून. लग्न झाल्यापासून त्या बोटीवरची एकूण एक गाठ मी बांधतेय. कप्तान बोट चालवतात, हौशी लोकांना तलावात मासे कुठे लागतात ते दाखवतात, आणि शाबासकी खिशात घालतात.

डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, चहा फक्कड झालाय हं."

चहा सासूबाईंनी केला होता.

११ ऑक्टोबर

गळासाठी फ्लोरोकार्बनचा दोरा आणायला दुकानात गेले. दुकानदार नवीन रीळ पुढे करून म्हणतो, "हे घ्या, फ्लोरोकार्बनच आहे, फक्त जरा स्वस्त." म्हटलं, एक तुकडा कापा आणि पेलाभर पाणी द्या. तुकडा पाण्यात बुडवून सोडला. वरच्या वर रेंगाळत बसला! खरा फ्लोरोकार्बन सरळ तळ गाठतो. हा साधा नायलॉन, वरून नुसता मुलामा दिलेला.

"कप्तानांनी शिकवलं वाटतं!" दुकानदार हसून म्हणाला.

हो, कप्तानांनीच. त्यांना अजून दोन रिळं शेजारी ठेवली तर फरक सांगता येत नाही.

आमच्या तलावाचं पाणी आरशासारखं. रिळावरचा जाड दोरा माशाला लांबूनच दिसतो, म्हणून गळाच्या आधी फ्लोरोकार्बनचा हातभर तुकडा जोडायचा. पाण्यात तो दिसतच नाही. बारीक घेतला तर तळाचे दगड त्याला कापतात. जाड घेतला तर आमिष नवरदेवासारखं अवघडून चालतं. मधला नेमका निवडायचा आणि जोड असा बांधायचा, की माशाने जीव खाऊन ओढलं तरी हलता कामा नये. सगळा खेळ त्या जोडावर. आणि त्या जोडासारखीच मी — पाण्यात आहे, पण दिसत नाही कुणाला.

१२ ऑक्टोबर

बोटं चिरली. भांडी घासताना झोंबतंय.

१५ ऑक्टोबर

आज दुकानदार घरी आला. बांधून तयार तुकडे पाकिटात घालून विकायचे म्हणतो. पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'कप्तानच्या गाठी' आणि खाली मिशांसकट कप्तानांचा फोटो!

तो गेल्यावर मी म्हटलं, "अहो, बांधणार मी. माझं नाव घाला की."

"बाईच्या हातच्या गाठी कोण विकत घेईल? हसतील लोक."

सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, नवऱ्याचं नाव झालं म्हणजे तुझंच झालं की, सूनबाई."

१६ ऑक्टोबर

आयत्या बिळावर नागोबा!

१९ ऑक्टोबर

दुपारी गाठ तोंडात धरून ओली करत होते, तेवढ्यात कप्तान आले. "शी! थुंकी लावतेस? पाकिटं विकायचीत आपल्याला. कुणासमोर बोलू नकोस."

इतकी वर्षं बोट चालवतायत आणि हे आज पाहिलं! समजावून सांगितलं. हा दोरा कोरडा ओढला तर स्वतःवरच घासून तापतो, आतून जळतो. वरून काही कळत नाही. मोठा मासा लागला की बरोब्बर तिथेच तुटतो. म्हणून आधी ओला करायचा आणि मग दमाने ओढायचा. पाकिटांसाठी वाटीत पाणी घेईन, पण भिजवल्याशिवाय ओढणार नाही.

"मासा काय गाठ चाटून बघतो?" असं म्हणून स्वतःच्याच विनोदावर हसत गेले.

२२ ऑक्टोबर

फोटोवाला आला होता. कप्तान इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या टेबलाशी बसले, माझ्या खुर्चीत. हातात माझी अर्धवट गाठ. फोटोवाला म्हणाला, बांधताय असं दाखवा. तर हळूच मला विचारतात, "हे कुठून धरायचं असतं गं?"

मी दाखवलं. मलाच माझी लाज वाटली.

मग म्हटलं, फोटोखाली बारीक अक्षरांत तरी माझं नाव येऊ दे. "बघू," म्हणाले. ह्यांचं 'बघू' म्हणजे 'नाही'.

२५ ऑक्टोबर

उद्या स्पर्धा. डॉक्टर आमच्या बोटीवर. बोट जिंकली तर पाकिटावर चषकासकट फोटो, असं दुकानदार म्हणालाय.

खोटं कशाला बोलू — आज बांधताना मनात आलं, एखादी कोरडी ओढावी. कुणाला कळणार होतं? पण ती ओढायची म्हटलं तर हात ऐकेना. आपोआप तोंडाकडे गेला. वाईट काम करायचं तर त्यालाही सवय लागते म्हणे. मला ती नाही. सगळ्या चोख बांधल्या, दोऱ्याच्या उरलेल्या शेपट्या जवळून कापल्या, एकेक ओढून पाहिली. माझ्यासारखी मूर्ख मीच!

२६ ऑक्टोबर

शांतपणे लिहायचं ठरवलंय. जमेल तितकं.

बोट धक्क्यापासून फार लांब नव्हती, म्हणून आम्ही सगळ्यांनी पाहिलं. डॉक्टरांची काठी धनुष्यासारखी वाकली. मासा वर आला — एवढा मोठा मी त्या तलावात पाहिला नव्हता. कप्तान जाळी घेऊन ओणवे झाले. आणि काठी एकदम सरळ! मासा गेला.

डॉक्टर लालबुंद होऊन धक्क्यावर उतरले. "हातातोंडाशी आलेला घास गेला, कप्तान! तुमची गाठ तुटली!"

सगळे गोळा झाले. दुकानदारही होता. कप्तानांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं. "माझी कुठली गाठ? मी कधी बांधतो का? सगळ्या गाठी घरी बायको बांधते. पहिल्यापासून तीच बांधते! मी आपला विश्वास ठेवला, दुसरं काय!"

इतकी वर्षं हेच वाक्य ऐकायला माझे कान आसुसले होते. ऐकलं. असं ऐकलं!

मी पुढे होऊन दोऱ्याचं टोक हातात घेतलं. डुकराच्या शेपटीसारखं पिळवटलेलं, पांढुरकं. कोरडं ओढलेलं. माझी गाठ नव्हतीच ती! माझा तुकडा दगडाला घासला असणार, तो कापून ह्यांनी घाईघाईत स्वतःच दुसरा जोडला होता. मी बोलणार होते. पण सगळ्यांच्या तोंडावर 'बाईचं काम' एवढंच लिहिलेलं. अशा वेळी खरंही बोललं तरी बहाणाच वाटतो. किटली उचलली आणि घरी आले.

संध्याकाळी विचारलं, "ती तुम्ही बांधलीत ना?"

"स्पर्धेत घाई असते. एवढं काय झालं? माझं नाव गेलं असतं. तुला तिथे कोण ओळखतं?"

मग पोटभर जेवले. आणखी भात मागून घेतला. मी वाढला!

२७ ऑक्टोबर

सासूबाई म्हणतात, झालं गेलं विसर. विसरायचं खातंही माझ्याचकडे.

पाकिटांचं आता बारगळणार. टेबल पुसून ठेवलं. रिळं माळ्यावर टाकली. कप्तानांनी विचारलं, परवाच्या फेरीसाठी गाठी? म्हटलं, कोण ओळखतं मला? तुमच्या तुम्ही बांधा.

२८ ऑक्टोबर

सकाळी दारात दातांचे डॉक्टर आणि दुकानदार. डॉक्टर चपला काढता काढताच म्हणाले, "वहिनी, परवा रागाच्या भरात होतो. तो तुकडा कप्तानांनी माझ्यासमोर बोटीत बांधला, हे घरी गेल्यावर आठवलं. आणि मग डोक्यात आलं — ते म्हणाले तसं असेल, तर आजवर ज्या तुटल्या नाहीत त्या सगळ्या..."

दुकानदार म्हणाला, "फोटो नको. पाकिटावर नुसतं नाव छापू. तुमचं नाव काय?"

इतक्या वर्षांत त्या धक्क्यावरच्या एकानेही विचारलं नव्हतं. मी सांगितलं.

आतून कप्तान ओरडले, "कोण आलंय गं?"

"माझ्याकडे आलेत," म्हटलं.