कुठल्या गावचे?

शुक्रवार, सातारा. भाजी फोडणीला टाकायची राहिलीय, पण हे आधी लिहिते.

ह्यांची ती डब केलेली मालिका मला काही पटत नाही. परदेशी डॉक्टर आफ्रिकेतल्या एका खेड्यात येतो, तासाभरात पाण्याचं भांडण मिटवतो आणि सगळं गाव त्याला हात जोडतं. पण एकानेही विचारलं नाही, बाबा, तू कुठला, कुणाचा? माझ्या माहेरी मेढ्याकडं मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा गाव, आडनाव, पाव्हणे विचारल्याशिवाय चहा मिळत नाही. मग तिथली माणसं काय मुकी आहेत? की मालिका लिहिणाऱ्यानेच त्यांची तोंडं शिवलीत?

हे मात्र रंगून बघत होते. फौजेत असताना शांतिसेनेतून तिकडे राहून आलेत ना. मला राहवेना. विचारलंच, "आवं, तुमाला तरी तिथं कुणी इचारलं व्हतं का, कुठल्या गावचं म्हणून?"

ह्यांनी भाग संपायच्या आतच टीव्ही बंद केला.

"कोण इचारणार? आमच्या हातात बंदुका व्हत्या."